उळवीचे रान आणि काळीचे पाणी

उळवीच्या माघी यात्रेस बेळगाव-धारवाडकडील भाविक आजही बैलगाड्या जुंपून येतात. येथे चन्नबसवण्णांची समाधी आहे. बाराव्या शतकात कल्याणात रक्तपात झाला, तेव्हा बसवण्णांचे हे भाचे शरणांसह, वचनांच्या पोथ्या सांभाळीत आणि पाठलागावरील सैन्याशी झुंजत या अरण्यात आले, असे परंपरा सांगते. भोवतालच्या गुहा पाहिल्या म्हणजे त्यांनी हेच स्थळ का निवडले, ते आम्हांस उमगले.

याच अरण्याच्या दक्षिणेस, काळी नदीच्या काठी कैगा आहे. २००० ते २०११ या काळात तेथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. पैकी पहिली ९६२ दिवस अखंड चालून २०१८ च्या अखेरीस थांबली; तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत यांनी मात्र या प्रकल्पास अखेरपर्यंत विरोध केला. १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असतानाच, एका भट्टीच्या घुमटाचा आतील भाग कोसळला होता.

विजेचे केंद्र आणि अण्वस्त्र यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. अशा भट्टीत साधे युरेनियम जळताना त्याचा काही अंश प्लुटोनियम बनतो. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातील प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. कॅनडाने त्यानंतर हात आखडला. १९६८ चा प्रसारबंदी करार १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्या पाचांनाच अण्वस्त्रधारी मानतो. भारताने त्यावर सही केली नाही, आणि आमच्या मते त्या पंक्तिभेदाला नकार देणे रास्तच होते. पण त्या नकारामागून पाकिस्तानही आला. १९९८ च्या मे महिन्यात दोघांनीही स्फोट केले.

या दोन्ही पोखरण चाचण्यांत सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर हे मध्य प्रदेशातील बडवानीचे, म्हणजे आपल्यासारख्याच परप्रांतस्थ मराठी घरातले! ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, २००६ मध्ये, भारताने आपल्या भट्ट्यांची नागरी आणि इतर अशी वाटणी केली. नागरी भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीस खुल्या झाल्या. कैगाच्या चारही भट्ट्या मात्र त्या यादीबाहेर राहिल्या. त्यांतून शस्त्रासाठी काही घेतले जाते, असे आम्ही म्हणत नाही. पण परक्या तपासनिसास तेथे वाट नाही, एवढे खरे. हत्यारांपासून पळालेल्यांना आसरा देणाऱ्या रानाच्या कडेला हे घडावे, याने मन थबकते.

उळवीच्या यात्रेकरूंना या वाटणीची वार्ता फारशी नसावी. समाधीपुढे नारळ वाढवून ते गाड्यांकडे परततात, आणि काळीचे पाणी कैगावरून कारवारच्या समुद्राकडे जात असते.