उसमें क्या है!

आमच्या अम्मीला कोणताही पदार्थ कसा करायचा म्हणून विचारले की तिचे उत्तर एकाच वाक्याने सुरू होते. ‘उसमें क्या है!’ म्हणजे त्यात काय एवढे. मग दोन वाक्यांत ती कृती सांगून मोकळी होते. खिचडी? उसमें क्या है, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर. खट्टा? उसमें क्या है, चिंच भिजवायची, तीळ भाजायचे. दालचा? त्यातही काही नाही. वर्षानुवर्षे आम्ही हे ऐकत आलो आणि खरोखरच त्यात काही नसते असे समजत आलो. आम्ही म्हणजे तीन भावंडे. दोघे भाऊ भवानी पेठेत अम्मीजवळ राहणारे, आणि एक बहीण कोंढव्याला दिलेली. हा मजकूरही तिघांचा आहे. लिहिला थोरल्याने, खोडला बहिणीने, आणि धाकटा मधे मधे ‘हे राहिले, ते राहिले’ म्हणत बसला होता.

मुसलमानाच्या घरचे जेवण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बिर्याणी येते. आमच्या दोघांच्याही ऑफिसात ईदच्या आधी पंधरा दिवस ‘काय, बिर्याणी कधी?’ सुरू होते. विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, आम्हीही हसून ‘या की’ म्हणतो. पण खरे सांगायचे तर बिर्याणी आमच्या घरी वर्षातून चार-पाच वेळा होते. बाकीचे साडेतीनशे दिवस आम्ही जे खातो ते कुणी विचारत नाही. मसुराची खिचडी, तिच्याबरोबर खट्टा आणि भाजलेला पापड. अंबाडीची भाजी. वांग्याचे कालवण आणि भाकरी. महिन्याच्या सुरुवातीला, पगार झाला की, मटणाची अकणी. महिना उतरला की तेच मटण पाव किलोवर येऊन दुधी आणि हरभऱ्याच्या डाळीत बुडते, आणि त्याचा दालचा होऊन सात माणसांना पुरतो. अब्बा होते तेव्हा आम्ही सात होतो. दादा-दादीही होते. अब्बा बोहरी आळीतल्या एका दुकानात हिशेब लिहीत. दालच्यात कुणाच्या ताटात हाड आले यावरून आमची भांडणे होत. अम्मीच्या ताटात कधी हाड आले नाही. तेव्हा ते लक्षात आले नव्हते, आता लिहिताना आले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलच्या सुरुवातीलाच मध्यवस्तीतल्या पेठांचा बराच भाग आणि कोंढव्याचाही काही भाग सील झाला. गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे लागले. थोरल्याची बायको बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला गेलेली, ती तिकडेच अडकली. नऊ वर्षांची मुलगी तेवढी शाळेच्या परीक्षेसाठी म्हणून इथे राहिली होती. परीक्षा झालीच नाही. बहीण कोंढव्यात, म्हणजे जेमतेम सहा-सात किलोमीटरवर, पण ती तेव्हा दुबईइतकी लांब वाटायची. अशात एप्रिलच्या मध्याला अम्मी न्हाणीत घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. पोलिसांना कागद दाखवत रिक्षाने जाऊन प्लास्टर घालून आणले. सहा आठवडे हात हलवायचा नाही. 25 एप्रिलला पहिला रोजा होता.

आता घरात स्वयंपाक करणारे कोण, तर आम्ही दोघे. एकाला चहा येत होता, दुसऱ्याला अंडे. बाहेरून आणावे तर मोमीनपुऱ्यात शुकशुकाट. रमजानमध्ये जिथे रात्री पाऊल ठेवायला जागा नसते, कबाबाच्या धुराने डोळे चुरचुरतात, तिथे कुत्री झोपलेली. सहेरीचा खजला नाही, फेणी नाही, बेकरीचा नान नाही. जे खायचे ते घरातच शिजवायचे होते.

अम्मीला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून दिली. ती सांगणार, आम्ही करणार. पहिल्याच दिवशी ‘उसमें क्या है’ या तीन शब्दांत काय काय असते ते कळायला लागले. खिचडी करायची तर मसूर निवडलेला हवा. तो निवडलेला होता, कारण तिने मार्चमध्येच निवडून डब्यात भरला होता. खट्ट्याला चिंच हवी. ती बिया काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत. आले-लसूण वाटलेले फ्रीजमध्ये. तळलेला कांदा एका डब्यात. हे साठे पहिल्या आठवड्यातच संपले, आणि मग आमची खरी परीक्षा सुरू झाली. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात घालून, कांडपावरून वर्षाचा मसाला करून आणते. त्या वर्षी कांडप बंद. गेल्या सालचा मसाला बरणीच्या तळाशी दोन बोटे उरलेला. तो मे अखेरपर्यंत पुरवायचा, म्हणून तिने आमच्या हातातला मोठा चमचा काढून घेऊन चहाचा चमचा दिला.

खट्ट्याची कृती इथे लिहून ठेवतो, कारण सगळ्यात आधी आम्हाला तोच जमला. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढायचा. दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून कुटायचे. ते जळले तर कडू होतात, तडतडायला लागले की उतरवायचे. कोळात पाणी, तिळाचा कूट, मीठ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. वरून जिरे, लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी. गूळ घालायचा की नाही यावर आमच्यात आणि बहिणीत अजून वाद आहे. तिच्या सासरी घालतात. फोडणी सोडली तर यात शिजवायचे काहीच नाही. आम्ही तीळ तीन वेळा जाळले.

दुसरी अडचण मिठाची. रोजा असताना चाखून कसे बघणार? आमच्या आयाबहिणी वर्षानुवर्षे महिनाभर न चाखता इफ्तारचे शिजवतात आणि कधी मीठ चुकत नाही, याचे आम्हाला कधी नवल वाटले नव्हते. चुकले तर आम्ही बोलून मात्र दाखवत होतो. या वेळी अम्मीचे रोजे सुटले होते. दिवसातून तीनदा गोळ्या होत्या. पहिले दोन दिवस ती त्यावरून रडली. मग आम्ही भांडे घेऊन तिच्यापुढे जायला लागलो. ती डाव्या हाताने चमचा धरून चाखायची आणि म्हणायची, ‘थोडा और.’ त्या ‘थोडा’चे माप आम्हाला अजून सापडलेले नाही.

मुलीला खाऊ काय द्यायचा हाही प्रश्न होता. वेफर्स, बिस्किटे मिळेनाशी झाली होती. अम्मीने सांगितले, रात्रीच्या चपात्या उरल्यात ना? मिक्सरमधून काढा. गूळ किसा, तूप सोडा, वेलची असेल तर घाला. हाताने मळून मुटके वळा. आमच्या घरी त्याला मलिदा म्हणतात. आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर जे कुटुंब राहते, तिथल्या काकू त्यालाच पोळीचा लाडू म्हणतात. लहानपणी आम्ही दोन्ही घरचे खाऊन कुणाचा चांगला हे ठरवत असू. त्यांच्यात तूप जास्त असायचे, आमच्यात गूळ. त्या घराची आणखी एक गोष्ट. दादीच्या काळात ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा शिजवलेला जात नसे. शेवया, साखर, खारीक, चारोळी असा कोरडा शिधा सुपात घालून जायचा. दादीला त्यात अपमान वाटत नव्हता, त्यांना देताना-घेताना संकोच नव्हता. रीतच तशी होती. आम्ही शाळेत असताना त्या काकू नव्या सून म्हणून आल्या आणि पहिल्याच ईदला जिन्यातून खाली येऊन म्हणाल्या, ‘शिधा नको, शिजवलेलाच द्या. मला दूध आटवायचा कंटाळा येतो.’ तेव्हापासून पातेले जाते.

मुलगी इंग्रजी शाळेत शिकते. तिला मलिद्याची कृती लिहून घ्यायची होती, म्हणून अम्मीने तिची वही काढून दिली. शंभर पानी, बांधणी सुटलेली. ही वही आम्ही पाहिली होती, वाचली कधी नव्हती. अम्मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. त्यामुळे लिपी मराठी, पण भाषा आपली घरची दखनी, आणि मधेच शुद्ध मराठी. ‘दाल घोट के रखना, नंतर फोडणी.’ ‘शक्कर अंदाज से.’ मोहरमच्या चोंग्यांची कृती आहे, शब-ए-बरातच्या हलव्याची आहे, आणि एका पानावर काकूंकडून घेतलेली अळूवडीची. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपली भाषा कोणती यावर आपण पुष्कळ चर्चा केली, अंक काढले. अम्मीने तो प्रश्न वहीत सोडवून ठेवला होता, हे आम्हाला माहीत नव्हते. मुलीला त्यातली अर्धी अक्षरे लागेनात. ती वाचून दाखवायला सांगायची आणि इंग्रजीत लिहून घ्यायची. तिच्या वहीत ‘अंदाज’ला शब्द नाही, तो तिने तसाच लिहिला आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. आमचे रोजे आणि अम्मीचे नाहीत, म्हणून दुपारी एकटीसाठी काहीतरी करावे लागे. पहिल्या दिवशी धाकट्याने विचारले, ‘अम्मी, तेरे वास्ते क्या पकाऊं?’ ती म्हणाली, ‘कुछ भी. रात का है ना?’ दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी थोरल्याने जरा आवाज चढवला, की रातचे कशाला, तुला काय आवडते ते सांग. ती गप्प झाली. आम्हाला वाटले रागावली. तर ती खरेच आठवत होती. अब्बांना काय आवडते हे ती झोपेतून उठून सांगेल. धाकट्याला दालच्यात दुधी चालत नाही, थोरल्याला खिचडी फडफडीत लागते, बहिणीला जळका पापड आवडतो. स्वतःचे तिला आठवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, ‘कण्या.’

ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, पाखडून पीठ वेगळे काढायचे, उरलेल्या कण्या मिठाच्या उकळत्या पाण्यात मऊ शिजवायच्या आणि ताक घालून खायच्या. तिच्या माहेरी 1972 च्या दुष्काळात दोन्ही वेळा हेच असायचे. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्याही कण्या करत. त्या घशाखाली उतरत नसत. पण पुढे चांगला पाऊस झाला, शेतातली मालदांडी आली, आणि तिच्या अम्मीने पहिल्या ज्वारीच्या ज्या कण्या केल्या त्यांची चव आजवर गेली नाही, असे तिने सांगितले. 1976 साली लग्न होऊन ती पुण्याला आली. एकदा तिने कण्या केल्या होत्या. अब्बांनी ताट सरकवले. म्हणाले, ‘ये गांव का खाना यहां नको.’ अब्बा वाईट नव्हते. त्यांनी गरिबी पाहिली होती आणि ती पुन्हा ताटात नको होती, इतकेच. पण तिने पुन्हा केल्या नाहीत. चव्वेचाळीस वर्षे.

ज्वारी आमच्या घरी नव्हती. पीठ होते, तेही तळाशी. धाकटा जिन्यात उभा राहून वर ओरडला. काकूंनी दोन मापटी ज्वारी पिशवीत घालून जिन्याच्या कठड्यावर ठेवली, वर ताकाचा तांब्या झाकून ठेवला आणि दार लावून घेतले. तेव्हा सगळे तसेच चालले होते. मिक्सरवर भरडताना निम्म्या ज्वारीचे पीठच झाले. पाखडता येईना; अर्धे जमिनीवर सांडले. अम्मी खुर्चीतून एका हाताने सूप कसे झुलवायचे ते दाखवत होती, आणि हातात सूप नसताना तिचा हात बरोबर झुलत होता. गाठी झाल्या. मीठ चाखायला नेले तर म्हणाली, ‘रहने दे, ऐसाच दे.’

दीड वाजता ती एकटी जेवायला बसली. आम्ही रोजेदार, समोर बसून बघत होतो. ती डाव्या हाताने चमच्याने खात होती. अर्धे झाल्यावर थांबली, म्हणाली, ‘मेरे अकेली के वास्ते कभी चूल्हा नै जला था.’ आणि पुन्हा खायला लागली. तक्रारीच्या सुरात नव्हे. पाऊस आला म्हणून सांगावे तसे. कोंढव्याहून बहिणीचा व्हिडीओ कॉल आला होता, तिने तो तसाच ठेवून दिला. बरीच वर्षे आम्ही तिघे तिच्या हातच्या जेवणाची तारीफ करत होतो, शेजाऱ्यांना, ऑफिसात, सगळीकडे.

25 मेला ईद झाली. नमाज घरीच पढली. शिरखुर्म्यात खारीक, खोबरे आणि चारोळीच होती, पिस्ता-बदाम मिळाले नाहीत. पातेले कठड्यावर ठेवले, काकूंनी ते उचलून नेले.

अम्मीचा हात जूनमध्ये सुटला. प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ओट्याशी उभी होती, आणि आम्हीही, लाज वाटते पण खरे आहे, हुश्श म्हणून बाजूला झालो. बहिणीने मग फोनवरून आम्हा दोघांना जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे आहे. थोरल्याची बायको म्हणते, भांडी जास्त पडतात. दालचा बरा होतो. ज्वारी आता घरात असते. महिन्यातून एकदा कण्या होतात, आणि त्या दिवशी आधी अम्मीचे ताट वाढले जाते. गाठी अजून होतात. ती म्हणते, पाणी उकळायच्या आधी टाकता तुम्ही, घाई करता.