सायकलीवरून देवगाव रंगारी

मैत्रिणींनो, वेरूळची लेणी पाहून आलेल्या तुमच्यात पुष्कळजणी असतील. लेणी झाली, घृष्णेश्वराचं दर्शन झालं, की गाडी परत वळते. त्याच बाजूने, कसाबखेड्यावरून पुढे गेलं तर देवगाव रंगारी लागतं, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. तालुका कन्नड, छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटर. देवगावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत, म्हणून ह्याच्या पाट्यांवर ‘देवगाव (रं.)’ असं लिहितात. कापड रंगवणाऱ्यांची आठवण गावाने नावात तेवढी जपलेली.

तिथे आम्ही गेलो ते सायकलीवरून! तेवीस सायकली, त्यांत एकोणीस बायका, आणि बहुतेकजणी चाळिशीच्या पुढच्या. पैठण ते नाशिक अशी चार दिवसांची फेरी होती आणि हा दुसरा दिवस. प्रत्येकीने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घेतलेले. जमतील त्या पैशांतून खेड्यातल्या शाळकरी मुलींना सायकली घेऊन द्यायच्या. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, पण सगळ्याच गावांतल्या मुलींपर्यंत ती सोय पोचत नाही.

सामुदायिक सायकलयात्रा आपल्याकडे नवी नाही. १९८५ सालच्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली होती. १९८८ मध्ये दुसरी निघाली, इटानगरहून थेट ओख्याला. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून बरोबर असत आणि मुलं सायकली हाणत. त्यापुढे आमचे चार दिवस म्हणजे अंगणातली फेरी. पण ती मुलं विशीतली होती हो! आमच्यातल्या दोघींचे गुडघे दौलताबादलाच बोलायला लागले होते.

पहाटे साडेपाचला शहर सोडलं. दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादचा घाट लागतो. घाटात मान कशाला टाकायची? उतरावं आणि सरळ सायकल ढकलत चालावं. वेरूळला पोहे आणि चहा झाला. कसाबखेड्याच्या पुढे मुलूख मोकळा होतो. दोन्ही बाजूंना कपाशी, मका, मधूनच आल्याचे वाफे. कपाशीत वेचणीला वाकलेल्या बायका हात कपाळावर धरून आमच्याकडे बघत होत्या.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण प्रवासवर्णनांतून ती कुणी लिहीत नाही. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको. एस.टी.त हे कसंबसं चालून जातं, सायकलीवर चालत नाही. उन्हात डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून आमच्या म्होरक्या ताईंनी नियमच केला होता, की तासाभराने थांबायचं, साखर-मीठ-लिंबाचं पाणी प्यायचं आणि जवळच्या घरी जाऊन न लाजता विचारायचं. एकाही घराने नाही म्हटलं नाही. उलट आत गेलेली बाई चहा घेतल्याशिवाय सुटायची नाही आणि बाकीच्या बाहेर खोळंबायच्या!

देवगावात असंच एक घर मिळालं. ओसरीवर आजी शेंगा फोडत होत्या.

“कुठून आल्या म्हनायच्या तुम्ही?”

“पैठणहून, मावशी. नाशिकला चाललोय.”

“पायडल मारीत?” मग त्यांनी कारण विचारलं, ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पैसेच द्यायचे तर फोनवरनं धाडा की. हे हाल कशापायी?”

आमच्यातली एक म्हणाली, “मावशी, नुसते मागितले तर कोणी देत नाही. सायकल चालवतो म्हटलं की देतात.”

“म्हंजे तुमचे हाल दिसल्याबिगर लोकाचा पैसा सुटत न्हाई म्हना!” आजी हसल्या आणि ओंजळभर शेंगदाणे समोर केले.

ह्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. खरंच होतं ते.

तेवढ्यात त्यांची सून भाकरी-ठेचा घेऊन आली. तिची मुलगी नववीत, शाळेला चालत जाते. “अंधार पडल्यावर येते, जीव टांगणीला लागतो,” ती म्हणाली. वह्या-पुस्तकं जमतात, फीचंही कसं तरी होतं. शाळा सुटते ती ह्या अंधाराच्या वाटेपायी. एका सायकलीने घरी पोचायची वेळ अलीकडे येते, एवढंच तिचं काम, पण आईला ते फार मोठं असतं.

जेवताना बहिणाबाईंचा विषय निघाला. ‘अरे संसार’वाल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. ह्या संत बहिणाबाई, तुकारामांच्या शिष्या, जन्म १६२८ चा, आणि तो ह्याच देवगावचा. लग्न झालं ते अगदी अजाणत्या वयात, शिऊरच्या वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी. नऊ वर्षांची असताना घरच्या कटकटींपायी आई-वडील आणि नवऱ्याबरोबर तिला गाव सोडावं लागलं. गोदावरीकाठाने, यात्रेकरूंच्या सोबतीने, धान्य मागत ती माणसं पंढरपूरला आणि पुढे कोल्हापूरला गेली. तुकोबांच्या नादी लागली म्हणून नवऱ्याचा मारही तिने खाल्ला. पुढे त्याचंच मन पालटलं आणि दोघं देहूला गेली. हे सगळं तिने स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलंय. त्या काळी एका बाईने आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगावी, हे मला तिच्या भक्तीइतकंच मोठं वाटतं.

आजींना ह्यातलं बरंच माहीत होतं. “नऊ वर्साची पोर चालत गेली,” त्या म्हणाल्या, “आन आमची पोर शाळेला जाईना का सायकलीवर?”

निघताना सुनेने माझी सायकल मागितली. साडीचा काष्टा खोचला आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. लहानपणी शिकले होते, म्हणाली, लग्नानंतर हातच लावला नव्हता. मुलगी दारात उभी राहून आईकडे बघत होती.

ज्यांना असं जावंसं वाटतं त्यांच्यासाठी दोन शब्द. बैठकीची उंची आधी नीट करून घ्या. पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा. सलवार खाली सैल असेल तर घोट्याशी बांधा, नाहीतर साखळीत जाते. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

शिऊरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बहिणाबाईंची समाधी तिथे आहे. १७०० साली त्या गेल्या. दर्शन घेऊन ताईंनी सायकली मोजल्या, तेवीसच्या तेवीस होत्या. एकीच्या पिशवीत आजींचे शेंगदाणे निघाले. ते वाटून खाल्ले आणि पाय गरम पाण्यात घालून बसलो. दुसऱ्या दिवशी नांदगाव गाठायचं होतं.