परतीचा पाऊस आणि दोन एकर

पुण्यात पावसाळा संपतो म्हणजे नक्की काय होतं? रेनकोट माळ्यावर जातो, गाडी एकदाची धुतली जाते आणि ऑफिसच्या ग्रुपवर कासला जायचे बेत शिजायला लागतात. संपला पावसाळा! माझे मामा इंदापूर तालुक्यात राहतात. त्यांच्याकडे पावसाळा संपतो तेव्हा अख्ख्या वर्षाचं बजेट ठरतं. गंमत अशी की ज्या पावसावर हे बजेट उभं असतं, तो बहुतेक वर्षी त्यांच्याकडे पडलेलाच नसतो.

बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्री ओलांडून ढग इकडे येतात तोवर त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे सरासरी पाचशेच्या आसपास. तरी सोलापूर रोडने भिगवणच्या पुढे गेलात की दोन्ही बाजूला हिरवागार ऊस दिसतो. कारण पाणी बाहेरून येतं. बारामतीच्या बाजूला नीरा डावा कालवा आहे, इंग्रजांनी १८८५ साली सुरू केलेला. आणि इंदापूरच्या उत्तरेला भीमेवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर.

त्यामुळे मामा आभाळाकडे कमी आणि मोबाईलकडे जास्त बघतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हॉट्सअॅपवर एकच विषय असतो, 'दौंडचा विसर्ग'. आज इतके हजार क्युसेक, काल इतके. पाऊस पडतो भीमाशंकरला, पवनेला, पानशेतला आणि आनंद होतो इंदापुरात :)

आमच्या क्लायंटकडे एक टेस्टर होता, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातला, राजधानी नियामेचा. एकदा कॉलवर हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या, तेव्हा त्याने सांगितलं की आमच्याकडे पाऊस सप्टेंबरात आटोपतो, पण नदीला मोठा पूर येतो जानेवारीच्या आसपास, ऐन कोरड्या दिवसांत. नायजर नदी उगम पावते दूर गिनीच्या डोंगरात. तिथलं पाणी मालीतल्या सपाट दलदलीत पसरत, रेंगाळत नियामेला पोचेपर्यंत काही महिने जातात. बाकीची टीम 'ओह, इंटरेस्टिंग' म्हणाली. मला मात्र मामाच आठवले. दुसऱ्याच्या पावसावर जगणारी माणसं जगभर आहेत म्हणायची.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, मी दोन दिवस मामांकडे गेलो होतो. कारण जरा गंभीर होतं. मामांकडे दोन एकर जमीन उरली आहे. बाकीची उजनीत गेली. १९८० च्या आधीची गोष्ट, आई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. सातबारावर आईचंही नाव आहे, त्यामुळे विकायचं झालं तर तिची सही लागणार. आणि विकायचा विषय निघाला होता. पालखी महामार्ग झाल्यापासून त्या पट्ट्यात प्लॉटिंगवाल्यांच्या फेऱ्या वाढल्यात. माझा मामेभाऊ म्हणत होता, देऊन टाकू. मामा म्हणत होते, एका एकरात ऊस आहेच, दुसऱ्या एकरातलं डाळिंब उपटून तिथेही ऊस लावू, धरण यंदा तुडुंब आहे. आईने मला पाठवलं. म्हणाली, "तू हिशोब करून ये. मला नुसतं आठवत बसायला होतं."

तिला आठवतं ते जुनं गाव. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी इतकी आटली की पळसदेवचं जुनं देऊळ पूर्ण उघडं पडलं. आमच्या जुन्या गावाच्या भिंतींचे दगडही वर आले होते. आई जाऊन बघून आली. न्हाणीघर कुठे होतं ते तिने बरोबर दाखवलं म्हणे.

उजनीच्या या आटण्याचा हिशोब भलताच मजेशीर आहे. धरणात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ च्या वर मृत साठा, म्हणजे ते मोजणीत धरायचंच नाही. मोजणी सुरू होते त्याच्यावर. त्यामुळे पाणी त्याखाली गेलं की धरण 'मायनस'मध्ये जातं. वर्तमानपत्रात सरळ छापून येतं, उजनी उणे अमुक टक्के. (ज्याने हे व्हेरिएबल पहिल्यांदा डिक्लेअर केलं त्याने अनसाइन्ड ठेवलं नाही, हे नशीब!) २०२४ मध्ये ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. आणि त्याच ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरलं.

मायनसचा जमिनीवरचा अर्थ मला मामेभावाने सांगितला. पाणी मागे सरकतं, तशी शेतकऱ्याची मोटर त्याच्यामागे जाते. पाईप वाढवायचे, केबल वाढवायची, चिखलात चारी खोदायची.

"दादा, तुझं बरंय," तो म्हणाला. "तू शनिवारी येतो, रविवारी जातो. मी बारामतीला एमआयडीसीत पाळी करून येतो आणि रात्री मोटर सरकवायला गुडघाभर गाळात मीच उतरतो. अण्णांचं वय आहे का आता?"

यावर काय बोलणार? हे पाणी साधंसुधं नाही. २१ मे २०२४ ला, धरण इतकं खाली असतानासुद्धा, कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. ते गाव याच तालुक्यातलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. जेवायला चिलापीचं कालवण होतं. चिलापी म्हणजे तिलापिया, हाही मूळचा आफ्रिकेतला, आता उजनीत ठाण मांडून बसलेला. मामी म्हणाल्या, पूर्वीचे मासे आता तेवढे मिळत नाहीत, पाण्याला वास येतो. तो वास कुठून येतो ते मला माहीत होतं. मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. म्हणजे माझ्या वाकडच्या फ्लॅटचा या दोन एकरांशी रोजचा संबंध आहे, नातं नसतं तरी असता.

असो. मी महिन्यांचे रकाने केले आणि प्रत्येकाखाली धरण कुठे असेल ते मांडलं. मामा मागून डोकावले.

"आरं, ह्यात चोवीस साल धरलंय का?"

"धरलंय मामा. तेच वाईटात वाईट वर्ष म्हणून."

मग चित्र बऱ्यापैकी स्वच्छ झालं. ऑक्टोबरात लावलेला पूर्वहंगामी ऊस चौदा-पंधरा महिने रानात उभा. म्हणजे मधला अख्खा उन्हाळा त्याला पाणी पाहिजे, नेमकं धरण मायनसमध्ये असतं तेव्हाच. डाळिंबाचा हस्त बहार धरला तर फळ थंडीत वाढतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी होते. त्यालाही पाणी लागतं, पण धरण भरलेलं असतानाच्या दिवसांत. ठिबकवर तर आणखी कमी. मोटर सरकवायची वेळ येते तोवर बाग विश्रांतीवर गेलेली असते.

मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पर बहार धराय झाडाला ताण द्यावा लागतो. ताण बसाय पाऊस थांबाय पायजे. यंदा थांबला का त्यो?"

मुद्दा तिथेच होता. २०२५ चं सालच तसलं. मे महिन्यातच असा पाऊस कोसळला की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. सप्टेंबरात सीनेच्या पुराने शेजारच्या करमाळा-माढ्याची गावं पाण्यात गेली. ज्या भागात थेंबाची वाट बघतात, तिथे लोक 'आता पुरे' म्हणत होते. ओल टिकली की डाळिंबावर तेल्या येतो आणि सगळा बहार हातचा जातो. माझ्या शीटमध्ये पाण्याचा तुटवडा होता. जास्तीच्या पावसाचा रकाना मामांनी घालायला लावला.

तो घातल्यावरही डाळिंब उसाच्या पुढेच राहिलं, पण थोडक्यात. प्लॉटिंगवाल्याच्या आकड्यापुढे मात्र दोन्ही फिकी. हे मी तिघांनाही स्पष्ट सांगितलं. मामेभाऊ हसला नाही की काही बोललाही नाही. मग तोच म्हणाला, "एप्रिलपर्यंत थांबू. पण आहे त्या उसाची तोडणी झाली की खोडवा ठेवायचा नाही. उन्हाळ्यात मी गाळात उतरणार नाही." मामा बराच वेळ अडकित्त्याशी खेळत बसले आणि शेवटी "बरं" म्हणाले. मला वाटतं, त्या घरात पहिल्यांदाच त्याची अट मान्य झाली.

सकाळी आईला फोन केला. सही आत्ता लागणार नाही म्हटल्यावर तिने एवढंच विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलंय?" मी बांधावर उभा राहून बघितलं. जुनं गाव, न्हाणीघर, सगळं खाली. वर वाऱ्याने हलणारं सपाट पाणी.

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण जानेवारी-फेब्रुवारीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाल. जरूर जा, फार देखणे पक्षी आहेत. पाणी ओसरून उथळ होतं, चिखल उघडा पडतो, म्हणून ते तिथे उतरतात. फोटो काढताना त्या चिखलात काळे पाईप दिसले तर ते कुठवर आलेत तेवढं बघा.