स्वयंपाकघरातला पहारेकरी

शाळेत हमखास येणारा एका मार्काचा प्रश्न: पानाला वनस्पतीचं स्वयंपाकघर का म्हणतात? उत्तर: पानातल्या हरितलवकांत सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न तयार होतं म्हणून. झालं, एक मार्क खिशात! आपल्यापैकी बहुतेकांचा हरितलवकाशी संबंध इथेच संपतो. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, आणि आयुष्यात हिरवं उरतं ते टेस्ट पास झाल्याच्या खुणेपुरतं :)

माझा हा तुटलेला संबंध मामाने पुन्हा जुळवला. मामाची सांगोल्याजवळ दोन एकर डाळिंबाची बाग. आणि डाळिंब म्हटलं की तेल्या आलाच. झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा हा रोग. पानांवर तेलकट ठिपके, मग फळांवर डाग, शेवटी फळ तडकतं. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो या झाडावरून त्या झाडावर जातो. गेल्या पावसाळ्यानंतर मामाने एक एकर बाग उपटून टाकली. मग एका रात्री फोन.

"आरं, ते सॅलिसिलिक आम्ल फवारलं बघ. डाग काय जाईनात. हे औषध हाय का नुसतं पाणी? ऱ्हायलेली झाडं ठिवू का काढू, जरा कॉम्प्युटरवर बघून सांग."

भाचा कॉम्प्युटरवाला म्हणजे सर्वज्ञ, हे गावाकडे गृहीतच असतं. असो. दोन वीकेंड वाचत बसलो, आणि चक्क आवडायला लागलं.

आपल्या रक्तात गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. झाडाकडे ती सोय नाही. प्रत्येक पेशीने आपापली सिक्युरिटी सांभाळायची. जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरला की पेशीच्या बाहेरच्या आवरणावरचे सेन्सर त्याच्या शेपटीच्या प्रथिनाचा तुकडा ओळखतात. इथवर ठीक. पण पुढचा अलर्ट जातो कुठे? थेट स्वयंपाकघरात! जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की हा तुकडा ओळखल्यावर काही मिनिटांत हरितलवकातलं कॅल्शियम वाढतं, आणि तिथून केंद्रकातल्या जनुकांना निरोप जातो. हल्ल्याच्या वेळी हरितलवकातून बारीक नळ्या फुटून केंद्रकापर्यंत पोचतात, हे २०१५ मध्ये दिसलं. आणि सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे झाडाचा सायरन? ते बनवण्याची कळीची पायरी हरितलवकातच होते.

जिवाणूंनाही हे पक्कं माहीत आहे. स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून पेशीत आपली प्रथिनं टोचतो, आणि त्यातली काही नेमकी हरितलवकात जाऊन बसतात. त्यातल्या 'हॉप-आय-वन' नावाच्या प्रथिनामुळे सॅलिसिलिक आम्ल कमी होतं, हे २००७ मध्ये समजलं. चोराने आधी अलार्मची वायर कापावी, तसं. हे बरेचसं संशोधन अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावरचं आहे, डाळिंबावरचं नाही, हे लक्षात ठेवूया.

गंमत पुढेच आहे. हरितलवक स्वतः मूळचं जिवाणूच! शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने एक सायनोबॅक्टेरिया गिळला, आणि तो पचण्याऐवजी आत नांदू लागला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना नव्याने मांडली आणि पुढे ती मान्य झाली. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या हरितलवकात आजही स्वतःचा सुमारे दीड लाख अक्षरांचा डीएनए आहे. म्हणजे कंपनी टेकओव्हर झाली, बाकी कोड हेड ऑफिसला गेला किंवा डिलीट झाला, थोडासा जुन्या सर्व्हरवर राहिला. आणि तोच जुना भिडू आज बाहेरच्या जिवाणूंविरुद्ध पहारा देतोय.

पण स्वयंपाकी आणि पहारेकरी एकच असला की पंचाईत होते. सायरन वाजला की अन्न बनवण्याचं काम मंदावतं. ज्या रोपांत जनुकीय बदलामुळे हा सायरन कायम चालू राहतो, ती खुजी राहतात. आमच्याकडे ऑन-कॉलवर रोज रात्री उठणाऱ्या माणसाकडून दिवसा किती काम होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हे सगळं मामाला सांगितलं. "मामा, ते जिवाणू मारायचं औषध नाही. झाडाला जागं करायची खूण आहे. पडलेले डाग त्याने जाणार नाहीत. ज्या पानांवर अजून डाग नाहीत, त्यांच्यासाठी ते आहे, तेही आधीच मारलं तर. रोगट फळं-फांद्या काढून जाळायला लागतीलच. आणि किती, कधी फवारायचं ते सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, मला नको."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजी ही हाळी हाय, औषध न्हाय. हाळी दिली की गाव जागं हुतं. पर रोज रात्री हाळी दिली, तर गावानं झोपायचं कधी अन् रानात जायचं कधी?"

मी तीन संशोधन-लेख वाचून जिथे पोचलो, तिथे मामा एका वाक्यात पोचला होता.

उरलेला एकर त्याने ठेवलाय. मात्र पावसात फळ वाढवायचं नाही, म्हणून मृग बहार सोडून हस्त बहार धरायचं ठरवलंय. केंद्रातही जाऊन आला. बाग वाचेल का, ते पुढचा पावसाळा ठरवेल. तोवर स्वयंपाकघराला नीट काम करू द्यायचं, एवढंच आपल्या हातात.