लेस्टरचे ते घर

इंग्लंडच्या मध्यभागातील लेस्टर शहरात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये तोच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळतो. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या माणसाला हा फरक केवळ भूगोलाचा नसतो. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या कन्येला तेथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठात पाठवले, तेव्हा शुल्क आणि निवास यांचा हिशेब चोख मांडला होता. सूर्यास्ताचा तेवढा राहून गेला होता.

मुलगी व्हिक्टोरिया पार्कजवळ एका वृद्ध इंग्रज दांपत्याच्या घरी राहू लागली. अण्णांना ही व्यवस्था मनातून पसंत नव्हती. बटाट्याकांद्यावाचून ज्यांचे पान हलत नाही, त्यांच्या घरी कंदमूळ वर्ज्य असलेल्या मुलीचा निभाव कसा लागणार? पहिल्याच आठवड्यात अंडे घातलेला केक तिच्या पानात आल्याचे कळताच त्यांनी दुसरी जागा पाहण्यास सांगितले. पण मुलगी तेथून हलली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अण्णा स्वतः तिकडे गेले. शहराच्या मध्यातून व्हिक्टोरिया पार्ककडे जाणारा ‘न्यू वॉक’ हा 1785 साली आखलेला, केवळ पायी चालणाऱ्यांचा रस्ता चढून ते त्या घरी पोहोचले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाईंच्या हस्ताक्षरात महिन्याचे सूर्यास्त लिहिलेले होते. एक कप्पा मुलीच्या भांड्यांसाठी राखलेला होता. चीजमध्ये प्राणिज रेनेट आहे का, दह्यात जिलेटिन आहे का, हे बाई दुकानातच भिंग लावून वाचत. तास उशिरा सुटणार असेल त्या दिवशी साडेतीनला खाण्यासाठी डबा भरून देत. हे मुलीने कधी सविस्तर कळवले नव्हते. मुले सुखाच्या बातम्या त्रोटकच देतात.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये नेले. जुन्या चर्चच्या वास्तूत 1988 साली प्रतिष्ठा झालेल्या या मंदिरात दिगंबर व श्वेतांबर दोन्ही आम्नायांचे लोक एकाच छपराखाली दर्शन घेतात. शहरातील भारतीयांपैकी पुष्कळ जण पूर्व आफ्रिकेतून आलेले. 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्यांनी लेस्टरला येऊ नये, अशी जाहिरात याच शहराच्या नगरपालिकेने तिथल्या वृत्तपत्रात दिली होती. लोक तरीही आले, आणि शहरानेही त्यांना सामावून घेतले. अण्णा बराच वेळ कोरीव खांबांपाशी बसून राहिले.

त्या दुपारी सव्वातीनला सारे जेवायला बसले. वृद्ध गृहस्थांचे दुपारचे जेवण नुकतेच झाले होते, तरी सोबत म्हणून तेही बसले. बाईंनी एक शंका विचारली: हळद हेही मूळच ना? मग ती कशी चालते? उभे आयुष्य हरिपूरच्या पेवांत हळद साठवण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता. अण्णा मनापासून हसले. ओली वर्ज्य, वाळलेली चालते, हे त्यांनी मुलीकरवी समजावले.

मग त्यांनी खिशातले पाकीट पुढे केले. भाड्याहून अधिक जे झाले, त्याचा अंदाज करून आणलेली ती रक्कम होती. बाईंनी ते हळूच परत सरकवले आणि हात जोडून, शिकलेल्या उच्चारात म्हणाल्या, “उत्तम क्षमा.” क्षमावाणीच्या दिवशी मुलीने त्या दोघांसमोर असेच हात जोडले होते, काही मोडले की काय, असे वाटून ते आधी घाबरले होते. आज बाई त्या केकबद्दल क्षमा मागत होत्या.

विमानात जुळवून ठेवलेली आभाराची इंग्रजी वाक्ये अण्णांना आठवेनात. त्यांनीही हात जोडले. “उत्तम क्षमा.” बाईंना वाटले, हे आपल्याला दिलेले उत्तर आहे. रोज रात्री फोनवर अण्णा कोणते प्रश्न विचारीत असत, हे फक्त मुलीला माहीत होते. ती खाली मान घालून बसली होती.

चार वाजायला पंधरा मिनिटे होती. खिडकीत अजून उजेड होता, म्हणून बाईंनी उठून मुलीने शिकवलेली, थोडी जाडसर अशी आणखी एक पोळी अण्णांच्या पानात वाढली.