पायी जाण्याजोगी शाळा

एप्रिल संपत आला की लोक गावाला जाण्याची तयारी करतात आणि आम्ही महापालिकेच्या उर्दू शाळेतले शिक्षक वही घेऊन गल्ल्या फिरू लागतो. कापड बाजार, वांजेवाडी, मोरी रोड, दर्ग्याच्या आसपासच्या चाळी. दार वाजवायचे, सलाम करायचा आणि विचारायचे, "घरात सहा वर्षांचे कोणी आहे का?" पट टिकवण्यासाठी शिक्षकाने दारोदार जावे की नाही, यावर आमच्यात वाद होतात. पण जावे लागते. 2022 साली तर महापालिकेनेच 'एकच लक्ष्य, एक लक्ष' असे म्हणत प्रवेशाची मोठी मोहीम काढली होती.

दारात मिळणारी उत्तरे आता पाठ झाली आहेत. "इंग्लिशमध्ये टाकलाय" हे पहिले. "आजीकडे गावाला ठेवलाय" हे दुसरे. तिसरे उत्तर बहुधा आतून, स्वयंपाकघरातून, एखाद्या आईचे येते: "नजदीक है ना? फिर लिखो नाम." आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत बालमानसशास्त्र होते, अध्यापन पद्धती होत्या, मूल्यमापन होते. या तिसऱ्या उत्तरावर मात्र धडा नव्हता. नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर आमची खात्री झाली आहे की गरीब घरातल्या मुलाचे, त्यातही मुलीचे शिक्षण याच एका शब्दावर टिकते किंवा तुटते. तो शब्द म्हणजे 'जवळ'.

वाचकांपैकी अनेकांचा महापालिका शाळांशी संबंध सुटून एक-दोन पिढ्या झाल्या असतील, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. माहीम, दादर आणि धारावी मिळून महापालिकेचा जी-उत्तर विभाग होतो. शाळांपुरते पाहिले तर विभाग हा एक छोटा जिल्हाच असतो. त्याचे प्रशासकीय अधिकारी असतात, त्यांच्या हाताखाली विभाग निरीक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी आम्ही. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवत आली आहे. पुष्कळ ठिकाणी इमारत एक आणि शाळा तीन-चार असतात. एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू, कुठे सकाळी एक माध्यम आणि दुपारी दुसरे. जिना मात्र सगळ्यांना एकच. वर 'अलिफ, बे' चाललेले असते आणि खालून पाढ्यांचा आवाज येत असतो. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत कोण कोणत्या माध्यमाचे हे ओळखू येत नाही.

ही शाळा कोणाच्या मेहेरबानीने उभी राहिलेली नाही. या शतकापूर्वीच्या इतिहासात आपल्या समाजाचाही वाटा आहे आणि तो आपल्याच घरांत फारसा सांगितला जात नाही. मुंबई शहरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी लावून धरली त्यांत चिमणलाल सेटलवाड आणि इब्राहीम रहिमतुल्ला ही दोन नावे ठळक आहेत. सरकारने 1906 मध्ये समिती नेमली आणि लोक अजून सक्तीला तयार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले, तेही पुढच्या वर्षी फेटाळले गेले. अखेर 1920 मध्ये मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि 1925 मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाची सुरुवात झाली ती एफ आणि जी या दोन विभागांत. म्हणजे परळ, दादर, माहीमच्या या पट्ट्यात, गिरणी कामगारांच्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आज मोफत शाळा म्हटले की नाक मुरडले जाते. पण आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा हक्क भांडून मिळालेला होता.

सक्ती करायची तर शाळा पायी जाण्याजोगी हवी, हे उघड आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असे अंतर मानले गेले. कागदावर मुंबईत याची अडचण दिसत नाही. नकाशावर वर्तुळ काढले तर माहीमच्या कुठल्याही घरापासून एक सोडून चार शाळा निघतील.

पण मूल नकाशावरून चालत नाही, ते रस्त्यावरून चालते. माहीममध्ये समुद्राच्या बाजूने निघाले तर कॅडल रोड लागतो, मग लेडी जमशेटजी रोड, पुढे रेल्वेला लागून तुळशी पाइप रोड आणि त्यापलीकडे रूळ. रुळांपलीकडे धारावी. सात वर्षांच्या मुलाला एकट्याने एल. जे. रोड ओलांडायचा म्हणजे काय, हे सकाळी बसगाड्या आणि टॅक्सींच्या गर्दीत उभे राहून पाहावे. घराच्या गल्लीतली शाळा आणि सिग्नलपलीकडची शाळा यांत मोजून तीनशे मीटरचा फरक असेल. पण तेवढ्या फरकासाठी घरातले एक मोठे माणूस दिवसातून दोनदा मोकळे असावे लागते. ज्या घरात आई पहाटेपासून डबे करते आणि वडील सकाळी कामावर जातात, तिथे असे माणूस नसते.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडची एक मुलगी सातवी पास झाली. अक्षर सुरेख, गणितात पहिली. पुढचा उर्दूचा वर्ग दुसऱ्या इमारतीत, दोन मोठे रस्ते ओलांडून. जूनमध्ये ती आली नाही म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, अदबीने बोलणारे. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "सर, शाळेबद्दल आमची काही तक्रार नाही. रस्त्याची आहे. मी सातला निघतो, हिची आई धाकट्याला सोडून येऊ शकत नाही. मुलीला एकटी कशी पाठवू?" त्यांच्या बोलण्यात शिक्षणाला विरोध नव्हता आणि धर्माचे नावही नव्हते. आम्ही दोन मैत्रिणींच्या घरी बोललो, तिघींनी मिळून जायचे ठरले, आणि ती आठवीत बसली. त्या वर्षी तिघी एकत्र निघाल्या म्हणून जमले. ज्या वर्षी एकटीच असते, त्या वर्षी जमत नाही. मुस्लिम मुलींच्या गळतीवर भाषणे देणाऱ्यांनी हे सोबतीचे गणित एकदा मांडून पाहावे.

आता दुसरे गणित, पटाचे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. 30 सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते. पट एकसष्टवरून अठ्ठावन्नवर आला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे जातो. उरलेले दोघे पाच वर्ग सांभाळतात. पालकांना दिसते की बाई एकाच वेळी दोन वर्गांना शिकवत आहेत. ते पुढच्या वर्षी मूल काढतात. पट आणखी खाली येतो आणि मग शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याचा विषय निघतो. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पटाची अट आणखी कडक केली. तीन मुले कमी झाली, एवढ्याने सुरुवात होते आणि एका मोहल्ल्याची शाळा जाते.

विलीनीकरणाच्या बाजूनेही बोलता येते आणि ते आम्ही नाकारत नाही. पस्तीस मुलांच्या शाळेत प्रयोगशाळा नसते, खेळाचा संघ होत नाही, मुलांना बरोबरीची चुरस मिळत नाही. मोठ्या शाळेत या गोष्टी मिळू शकतात. आमचे म्हणणे इतकेच की दोन शाळा एक करताना दोन्हींच्या पटाची बेरीज कागदावर होते. जूनमध्ये वर्गात प्रत्यक्ष किती मुले पोचली, हेही मोजले पाहिजे. न पोचलेल्यांत मुली किती, हेही.

पालक इंग्रजीकडे जातात याचा दोष आम्ही त्यांना देत नाही. त्यांना भाषेपेक्षा भविष्य हवे असते. 2020 साली याच माहीममध्ये वूलन मिलच्या महापालिका शाळेत आयसीएसई मंडळाची शाळा सुरू झाली. महापालिकेच्या अशा मुंबई पब्लिक स्कूलांत प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. याचा अर्थ महापालिकेचे नाव लोकांना नकोसे झालेले नाही. शिक्षक पूर्ण असतील, वर्ग नीट असतील, तर लोक आपल्या पायांनी येतात. मग तीच काळजी उर्दू आणि मराठी माध्यमाच्या वाट्याला का येऊ नये?

जवळच्या शाळेतून आणखी एक गोष्ट घडते, जी कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. आमच्या समितीतल्या बायका बैठकीला येतात, कारण शाळा दोन मिनिटांवर आहे. पहिल्या वर्षी त्या दारापाशी उभ्या राहत. नंतर खुर्चीवर बसू लागल्या. मग पाण्याच्या टाकीबद्दल विचारू लागल्या. त्यांतल्या एकीने अंगठ्याऐवजी सही करायला मुलाच्या पाटीवर शिकून घेतले. याच घरांत आमची मुले 'सुलभभारती'तले मराठी घेऊन जातात. रेशनच्या दुकानातला फलक किंवा दवाखान्यातला केसपेपर आईला वाचून दाखवणारे मूल उर्दू शाळेतलेच असते. उर्दू शाळा मुलांना मराठीपासून तोडते, असे म्हणणाऱ्यांनी हे मूल पाहिलेले नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग पुन्हा भरायला 15 डिसेंबर 2021 उजाडला. जवळजवळ पावणेदोन वर्षे. घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर. तेव्हा आम्ही स्वाध्याय छापून गल्लीच्या तोंडाशी नेऊन देत होतो. हे शक्य झाले, कारण कोणते मूल कोणत्या खोलीत राहते ते आम्हाला ठाऊक होते. दूरच्या शाळेला हे कसे ठाऊक असणार?

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा निघाली की मदरसा की शाळा, याच वळणावर अडते. 2006 च्या सच्चर समितीने दाखवले होते की मदरशात पूर्णवेळ शिकणारी मुस्लिम मुले जेमतेम तीन-चार टक्के आहेत. बाकीची मुले शाळेत आहेत, किंवा कुठेच नाहीत. ती जिथे आहेत तिथे आपले लक्ष असले पाहिजे.

म्हणून या पानांच्या वाचकांकडे आमचे साधे मागणे आहे. आपण शिकलेले आहात, अर्ज लिहू शकता, अधिकाऱ्यांसमोर बसून बोलू शकता. आपल्या वस्तीतल्या महापालिका शाळेत एकदा जा. आपले मूल तिथे नसेल तरी जा. सप्टेंबरच्या आधी जा, कारण पट तेव्हा मोजला जातो. तिसरी-चौथीला शिक्षक किती आहेत, विचारा. शाळा हलवायची चर्चा असेल तर पालकांना विचारले का, विचारा. जमातीच्या मंडळींनी शिष्यवृत्त्या जरूर द्याव्यात. त्याबरोबर सातवीच्या पुढे रस्ता ओलांडून जाणाऱ्या मुलींसाठी सोबतीला एक भरवशाची बाई नेमावी. वर्षाचा खर्च एका जलशापेक्षा कमी येईल.

आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्या इमारतीत एक चौकशी करा. गेल्या वर्षी सातवी पास झालेली मुलगी सकाळी कुठे जाते? उत्तर मिळाले नाही, तर तिचे दार आमच्या आधी आपण वाजवावे. आपण तिच्या जवळ राहता.