किक ऑफ

‘किक ऑफ’ हे इंग्रजी जोडक्रियापद फुटबॉलच्या मैदानाशी घट्ट बांधलेले आहे. सामना सुरू होताना चेंडू मध्यबिंदूवर ठेवतात. प्रतिस्पर्धी त्यापासून किमान 9.15 मीटर दूर, आपल्या अर्ध्यात उभे राहतात आणि शिट्टी वाजली की पहिली किक बसते. पूर्वी ती पुढेच मारावी लागे. 2016 च्या नियमबदलापासून कोणत्याही दिशेला मारता येते.

मराठी मुलांना हा शब्द बहुधा शाळेच्या मैदानावर भेटतो. मुंबईत तर 1891 मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकामुळे फुटबॉलचा वारसा जुना आहे. पुढे वर्ल्ड कपच्या रात्री जागताना ‘किक ऑफ किती वाजता?’ हा घरोघरचा प्रश्न होतो. नोकरी लागल्यावर तोच शब्द नव्या कामाच्या पहिल्या बैठकीला लागतो. तिथे कामाची व्याप्ती, जबाबदाऱ्या आणि मुदती ठरतात.

वापराचे नियम मोजके आहेत. कर्माशिवाय वापरल्यास सामना किंवा परिषद आपणच ‘किक ऑफ’ होते. कर्म आल्यास कोणीतरी ती सुरू करतो. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते: ‘किक इट ऑफ’ बरोबर, ‘किक ऑफ इट’ चूक. कशाने सुरुवात झाली हे सांगायला पुढे ‘विथ’ येते. नाम म्हणून लिहिताना मध्ये जोडरेघ देतात. पायातले बूट झटकून काढणे हाही एक अर्थ आहे आणि ब्रिटनमधील बोलीत भांडण पेटणे हा आणखी एक. शब्दाचा सूर अनौपचारिक आहे. करारपत्रात किंवा शोकसभेच्या निवेदनात तो शोभत नाही.

प्रत्येक सुरुवात मात्र ‘किक ऑफ’ नसते. एकट्याने वही उघडून केलेला श्रीगणेशा त्यात बसत नाही. वेळ ठरलेली, माणसे जमलेली आणि पुढे बराच पल्ला बाकी असलेला, अशा आरंभालाच हा शब्द साजतो.

मैदानावरची एक गोष्ट मात्र रोजच्या वापरात उतरली नाही. सामन्यात किक ऑफ एकदाच होत नाही. उत्तरार्धाच्या आरंभी तो होतो आणि प्रत्येक गोलनंतरही होतो. गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यबिंदूवर येतो आणि पहिली किक मारण्याचा हक्क गोल खाल्लेल्या संघाला मिळतो.